ईश्वरअप्पाची राख

ताडकळसला ईश्वरअप्पाचं दोरखंडाचं दुकान होतं, पण माणसं यायची ती राखेला. कुणाचं बोट विळ्यानं कापो, कुणाचं कपाळ चौकटीवर फुटो, अप्पा गोवरीची राख गाळून जखमेत भरायचा आणि वर एक गोष्ट लावायचा. एका गड्याची मांडी बैलानं फाडली होती. राख पडताच ती अशी झटक्यात मिटली, की वर बसलेली माशी आतच राहिली. आभाळ भरून आलं की ती मांडी अजून गुणगुणते. ऐकणारा हसायचा, दुखणं विसरायचा. उथळ जखम, तरणं रक्त. आपसूक खपली धरायची आणि नाव अप्पाचं व्हायचं.

माघात अप्पा शेतात गेला. कापसाची पऱ्हाटी कापून नेलेली, खुंट भाल्यासारखे उभे. एक खुंट चप्पल फोडून टाचेत घुसला आणि अप्पाला कळलंसुद्धा नाही. तसाच तो शेणखताच्या ढिगातून फिरला. घरी गंगम्माला ओट्यावर रक्ताचे ठसे दिसले, तेव्हा नवऱ्यानं पाय उचलून बघितला. साखरेच्या दुखण्यानं त्याचे तळवे कधीचेच मुके झाले होते. हे ठाऊक फक्त दोघांना. चारचौघांत अप्पा गुळाचाच चहा प्यायचा.

गंगम्मा म्हणाली, साबणानं धुऊ आन् परभणीला दाखवू. अप्पानं राखेचा डबा मागितला.

"अवो, डबा मीच भरते चुलीतून. मला नका सांगू राखंचं."

"मी दवाखान्याची पायरी चढलो तर उद्या ओट्यावर कुत्रं तरी येईल का?"

तिसऱ्या दिवशी टाच सुजली, पाचव्या दिवशी वास सुटला. दोरखंडाखाली उंदीर मेलाय, असं अप्पा गिऱ्हाइकांना सांगायचा आणि ऊद जाळायचा. आठव्या दिवशी तापात तो बरळायला लागला, तेव्हा गंगम्मानं कुणाला न विचारता जीप बोलावली.

डॉक्टरांनी टाचेतून चपलेच्या रबराचा तुकडा काढला, राखेचा गोळा काढला. म्हणाले, खोल जखम, आत शेणमाती, अंगात साखर आणि वर आठ दिवस. यातलं एखादं असतं तर झुंजलो असतो. पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

गाव हसेल, याची अप्पानं तयारी केली होती. पण गावानं गोष्ट आधीच रचून ठेवलेली. राखेचा गुण दुसऱ्याला लागतो, देणाऱ्याला लागत नाही. अप्पानं लोकांची दुखणी आपल्या पायावर घेतली. ओट्यावरची गर्दी दुप्पट झाली.

बाजारच्या दिवशी गावातली रेणुका आली. विळ्यानं तळहात चिरलेला, हात म्हशीच्या शेणानं भरलेला. अप्पानं डबा मागं सारला.

"पोरी, आधी धू आन् दवाखान्यात सुई घे. राखंत काई न्हाई. ती मांडी खोटी, माशी बी खोटी."

जन्मात पहिल्यांदा तो खरं बोलला होता. रेणुका खदखदून हसली. गोष्ट संपून राख मिळेल म्हणून थांबली. मिळेना, तसं तिचं तोंड उतरलं.

"पाय गेला आन् तुमी माणसावर रुसलात, अप्पा."

ती सरळ आत गेली, चुलीतली राख मुठीनं जखमेत दाबली, वर पदराची चिंधी बांधली. अप्पा कुबडी ओढेपर्यंत ती रस्त्याला लागली होती, आणि भेटेल त्याला हात दाखवत होती: अप्पाच्या घरची राख.