आबांचं खाकरणं

गिरधर आबांच्या घरात केळीवर रोग नव्हता, गोठ्यात जनावर आजारी नव्हतं. दुखत होतं ते सुनेचं डोकं, आणि त्यापायी सगळं घर कण्हत होतं.

इंदू रावेरजवळच्या त्या घरात आली तेव्हा ठणठणीत होती. वर्षभरातच तिचं डोकं धरायला लागलं. मानेतून कळ निघायची, कानामागून वर चढायची आणि कपाळात ठाण मांडून बसायची. मग तिला उजेड सोसेना की घास उतरेना. सुंठीचे लेप झाले, दृष्ट काढून झाली, मारुतीला तेल घालून झालं. नवल एवढंच की माहेरी गेली की पोरगी बरी व्हायची आणि सासरी आली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आबांची बायको धुरपदाबाई मनाची वाईट नव्हती, पण तिचं गणित सरळ होतं. घर मानवत नाही, तर पोरीला माहेरीच ठेवावी, शालिग्रामचं पुढे बघता येईल. शालिग्राम म्हणजे त्यांचा एकुलता एक लेक, इंदूचा नवरा. 'पुढे बघता येईल' याचा अर्थ आबांना कळत होता, आणि तो त्यांना नको होता.

कारण आबांचा सुनेवर जीव होता. पोटी लेक नव्हती, ती हौस देवानं अशी उशिरा भागवली होती. आता त्या घरच्या रीतीप्रमाणे सून सासऱ्याशी बोलत नसे. पदर भुवयांपर्यंत, हनुवटी छातीला टेकलेली आणि नजर जमिनीवर. पण आबांना तहान लागली की मागण्याआधी पाण्याचा तांब्या शेजारी आलेला असे. एवढ्यावर म्हातारा खूश.

तिचं दुखणं वाढलं तसं आबांनी बागेचं काम शालिग्रामवर टाकलं आणि ओसरीवर बाज टाकून बसले. पोरीला काही झालं तर जवळ कुणी असावं, एवढाच हेतू. ओसरी होती चूल आणि विहीर यांच्या मधोमध, त्यामुळे इंदूला काहीही करायचं तर आबांसमोरून जावं लागे. त्यात आबा रीतीचे पक्के. घरात येताना मोठ्या माणसानं दारात खाकरावं, म्हणजे सुना सावरून घेतात, हे सगळेच पाळत. आबा बाजेवर कूस बदलतानाही खाकरत. सुनेची पंचाईत होऊ नये म्हणून किती ती काळजी! गावात बायका म्हणत, सासरा असावा तर असा.

शेवटचा उपाय म्हणून आबांनी तिला धुळ्याला न्यायचं ठरवलं. धुरपदाबाईनं बजावलं, याउपर गुण आला नाही तर परत येताना पोरीला माहेरी उतरवायचं. सुनेचं गाठोडं तिनं त्याच हिशेबानं बांधलं आणि स्वतःही सोबत निघाली. आबा वाटभर त्या गाठोड्याकडे बघत राहिले.

धुळ्याचे डॉक्टर भले होते. त्यांनी डोळे तपासले, रक्त तपासलं आणि सांगितलं की डोक्यात काही दोष दिसत नाही, मानेचे स्नायू मात्र दगडासारखे झालेत, त्याला औषधापेक्षा जाणते हात हवेत. त्यांच्या स्वतःच्या आईची मान पारोळ्याच्या हुस्नबानोनं मोकळी केली होती. परतीच्या वाटेवरच पारोळा, तिथे उतरा म्हणाले.

हुस्नबानो पिंजाऱ्याच्या घरातली, पन्नाशीची, भारी बांध्याची बाई. तिनं इंदूला गोधडीवर उताणं निजवलं आणि आबांना बाहेर ओट्यावर बसायला सांगितलं. धुरपदाबाई पायाशी बसली. हुस्नबानोनं कोमट तिळाच्या तेलात बोटं बुडवली, पोरीचं डोकं दोन्ही तळव्यांत घेतलं आणि कवटीखालच्या खळग्यांत बोटं टेकवून नुसती धरून राहिली. झटका नाही, कडकड नाही. हळूहळू मान सैल पडली, इंदूचा श्वास लांबला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी गेली.

तेवढ्यात बाहेर आबा खाकरले. पोरगी निजल्या जागी आखडली, हनुवटी छातीकडे ओढली गेली. हुस्नबानोच्या बोटांखाली सगळं पुन्हा ताठ झालं. तिनं मुकाट्यानं पुन्हा सैल केलं आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "आबा, आखो एकदा खाकरा बरं."

आबांना वाटलं, हाही उपचाराचाच भाग असेल. ते मनापासून खाकरले. पोरीची मान पुन्हा तशीच ओढली गेली. धुरपदाबाईनंही ते डोळ्यांनी पाहिलं.

हुस्नबानो बाहेर येऊन आबांजवळ बसली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "डोकामा काहीच नही, आबा. दुखनं मानमा शे. बठ्ठा दिन पोर खाले देखस. तुम्हना धाक नही तिले, तुम्हनी लाज शे."

दिवसभर पोर खाली बघते, तीही भीतीनं नाही, आपल्या लाजेनं, हे आबांना उमगलं. ज्या पोरीसाठी बागेतून उठून आले, तिचं दुखणं होऊन ओसरीवर बाज टाकून आपणच बसलो होतो! त्यांना हसू आलं, आणि मग फार वाईट वाटलं.

गाठोडं माहेरी उतरलं नाही. घरी आल्यावर आबांनी बाज उचलली आणि केळीच्या बागेतल्या झोपडीत मुक्काम हलवला. इंदूचं डोकं दुखायचं थांबलं. सासू रोज तिची मान चोळू लागली. पण गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? सुनेनं सासऱ्याला घराबाहेर काढलं, अशी कुजबुज सुरू झाली. झोपडीत आबांना घास गोड लागेना, पण पोरीची मान त्यांना गावापेक्षा मोठी होती.

एका दुपारी भाकरी घेऊन शालिग्रामऐवजी इंदू आली. आबा चटकन दुसरीकडे तोंड करून बसले. तिनं भाकरी खाली ठेवली. डोक्यावर पदर होता, पण मान वर होती.

"आबा, घरी चाला," ती म्हणाली. "तुमी बसा ओसरीवर. मी खाली पाहनार नाही."

सासऱ्याशी ती बोललेली ही पहिली वाक्यं. आबांचे डोळे भरून आले. लपवायचं कशाला, म्हणून त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं. ती मात्र बघता बघता गंभीर झाली आणि पुढे वाकली.

"आबा, तुमचा डावा डोळा पांढरा झाला. दिसते का त्यातून?"

वर्षभर त्या डोळ्यानं आबांना सगळं धुरकट दिसत होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि घरातली एकही बाई त्यांच्या तोंडाकडे वर मान करून बघत नव्हती.

"आधी जेवा," इंदू म्हणाली. "मंग उद्या धुळ्याले जाऊ. मी येते संगं."