तमालपत्राचा वापसा

“आत्या, परत पाणी घातलंसा?” सून स्वप्नाली मागल्या दारातनं ओरडली.

“तान लागली असंल गं त्येला,” म्हणत हरणाबाईनं बादलीतलं उरलंसुरलंही तमालपत्राच्या बुडात ओतलं.

आष्ट्यातल्या लेकाच्या बंगल्याभोवती सगळी फरशीच. माती उरली होती ती एवढ्या झाडापुरती. सुनेनं मसाल्याच्या पानांसाठी हौसेनं लावलेलं झाड वर्षभर कुढत होतं. हरणाबाईलाही इथं येऊन वर्षच झालं होतं. मालक गेले, मेंढरं विकली, आणि तानाजीनं दुष्काळी माणातल्या घराला कुलूप घालून आईला आणलं. “मला गावाला सोड,” हा तिचा रोजचा धोसरा. एकदा वैतागून तो म्हणाला, “हे झाड जगीव. पालवी फुटली की सोडतो, जा!”

तेव्हापासून तांब्याभर पाण्याचं बादलीभर झालं. जन्मभर हंडाभर पाण्यासाठी कोसभर चाललेली बाई. माया करायची म्हणजे पाणी घालायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

शेजारचे बाहुबली अण्णा म्हणजे जुने ऊसवाले. कुंपणावरून बरेच दिवस बघत होते. एक दिवस आत आले, बुडाशी बोट खुपसून नाकाशी धरलं.

“आक्का, मुळं कुजाय लागल्यात. ही काय म्हस हाय व्हय, बादलीनं पाजाय?”

“वाळतंय न्हवं, अण्णा!”

“वाळतंय कुठलं, बुडतंय! काळी माती ही, पाणी धरून बसती. जरा वापसा येऊ द्या की, पाणी निथळून माती मोकळी होऊ द्या.”

हरणाबाई ओशाळली. माणात पाऊस पडला की वापसा डोळ्याचं पातं लवेपर्यंत यायचा नि जायचा. पेरणीला धावावं लागायचं. इथं तो येतच नव्हता.

दोघांनी झाड अलगद उकरलं, काळी मुळं छाटली, खाली मुरूम भरून उंचवट्यावर लावलं. “बोट घालून बघायचं. कोरडं लागलं तरच तांब्याभर,” अण्णांनी बजावलं.

तिला तो उपासच वाटला. रोज तांब्या घेऊन जायची, बोट घालायची, भरला तांब्या तसाच माघारी. दीड महिन्यानं शेंड्याला तांबूस कोंब दिसला. त्याच सकाळी तिनं घोंगडं गुंडाळून गठुडं बांधलं.

तानाजी कोंब बघून हरखला. “आये, तुज्या हाताला लय गुण हाय गं! तू गेलीस तर ह्येला कोण बघंल?”

“तू म्हनला हुतास, सोडतो म्हून.”

“आगं, झाड मरंल की! आन् काय कमी हाय तुला हितं?”

कमी काहीच नव्हतं.

दुपारी घर सामसूम झालं. झाडच नसलं तर तिला अडवायला काय उरणार होतं? तिनं नळाला पाइप लावला, त्याचं तोंड झाडाच्या बुडात ठेवलं आणि नळ सोडला. आळं काठोकाठ भरलं. वाऱ्यानं तांबूस कोंब हलला.

हरणाबाईनं घाईघाईनं नळ बंद केला, फतकल मारून बसली, आणि ओंजळीओंजळीनं आळ्यातलं पाणी उपसू लागली.