सोजराबाईंच्या गाठीचे गोळे

जानेफळच्या सोजराबाई कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हेत, मग तो कॅन्सर का असेना. छातीतल्या गाठीनं पहिल्या औषधाला दाद दिली नाही, तेव्हा पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या दीपमालानं गाठीचा तुकडा नेऊन त्यातल्या पेशी वाढवल्या. सपाट काचेवर नाही, तर जेलीत, चारी अंगांनी, गाठ शरीरात वाढते तशाच. खसखशीएवढे गोळे झाले. त्यांच्यावर सात औषधं घालून पाहिली, त्यातल्या एकानं गोळे मेले. तेच सोजराबाईंना दिलं आणि गाठ विरत गेली.

दीपमाला मूळची शेगावची. सुटीत घरी आली की वाकडी वाट करून जानेफळला येणारच. ह्या वेळी तिच्या हातात कागद होता. उरलेले गोळे पुढच्या संशोधनासाठी वाढवत ठेवायला सोजराबाईंची संमती हवी होती.

"म्हंजे ते अजून जित्ते हायेत?" मिरच्या खुडता खुडता सोजराबाई थांबल्या. "जाळून टाक पह्यले! तिथं जिता राह्यला, तर इथं कसा मरंल तो?"

त्याचा इथल्याशी काही संबंध उरला नाही, हे दीपमालानं दोनदा समजावलं. सोजराबाईंना पटेना. ज्यानं वर्षभर घास गिळू दिला नाही, त्या वैऱ्याला कुणी खाऊपिऊ घालून पोसावं, म्हणजे सापाला दूध पाजण्याचीच गत!

"काकू, तुम्हाले लागू पडलं ते औषध या आजारात कोणी देतच नाही," दीपमाला हळूच म्हणाली. "आम्ही ते तुमच्या गोळ्यांवर घालून पाह्यलं, कारण आधी एका बाईच्या गोळ्यांवर ते चाललं होतं."

"मंग बरी झाली असंल ती."

"नाही. आम्हाले उत्तर सापडलं, त्याच्या आधीच ती गेली. तिचे गोळे तेवढे राह्यले."

सोजराबाईंनी मिरच्या बाजूला सारल्या. डॉक्टरांचे, गजानन महाराजांचे, दीपमालाचे आभार मानून झाले होते. जिच्यामुळे आपण जगलो, तिला मात्र साधा नमस्कारही केला नव्हता. त्यांना भरून आलं. मिरचीच्या हातानंच त्यांनी डोळे पुसले आणि मग बराच वेळ धड काही दिसेना.

"नाव काय व तिचं?"

"आम्हालेही माहीत नाही. नुसता नंबर असते."

सोजराबाईंनी कागद ओढून सही केली, पण तो हातातून सोडेनात.

"पुढच्या बाईले माह्यं नाव सांगजो."

"तशी परवानगी नाही, काकू."

"आभार कोनाचे मानावं हे माहीत नसलं, तर लय अवघड जाते व पोरी. मंग एवढं तरी सांगजो तिले. जानेफळची एक बाई होती म्हना, अन् ती जगली."