तिसऱ्या बराकीचं दार

पुस्तक बाजारात आलं त्यानंतर चौथ्या महिन्यात बाबांचा फोन आला. "दुपारी दुकानात ये. गिऱ्हाईक नसतं तेव्हा." एवढंच बोलले आणि ठेवला.

बाबा शिंपी. चाळीस वर्षं एकच दुकान, कापायचं एक मोठं टेबल आणि दोन मशिनी. एकीवर ते बसतात, दुसरीवर आई. काज-बटणं, तुरपाई, अस्तर हे सगळं आईकडं. दुकानात ती बायको नसते, कारागीर असते. "घरचं घरी," म्हणते आणि दिवसभर त्यांच्याशी बोलते ती फक्त मापांचं.

माझं पुस्तक म्हणजे कादंबरी, आमच्या शहराच्या जुन्या तुरुंगातल्या एका जेलरवर. माणूस खरा, नव्वद वर्षांपूर्वीचा. कॉलऱ्याची साथ आली तेव्हा त्यानं तिसरी बराक बाहेरून बंद करायचा हुकूम काढला आणि आत एकेचाळीस कैदी मेले. त्याचं नाव शहरात अजून शिवीसारखं घेतात. पाच वर्षं मी दप्तरखान्यात धूळ खात बसले होते. हुकूम सापडला, हजेरीपट सापडला, मेलेल्यांची यादी सापडली. माणूस काही सापडला नाही. साधा फोटोसुद्धा नाही. सही तेवढी होती, तीही फिकट, शाई संपत आल्यासारखी.

नुसत्या सहीवर तीनशे पानं कशी लिहायची? मग हाताशी होतं ते घेतलं. माझा जेलर चष्मा शर्टाच्या टोकानं पुसायला लागला. काम करताना दातांतून बारीक शीळ घालायला लागला. बाबांची आणखी एक खोड आहे: वाईट बातमी सांगायची असली की आधी टेबलावरचं कापड तळव्यानं मधून कडेला, मधून कडेला सपाट करत राहतात. जेलरच्या टेबलावर कापड कुठून येणार? मी नकाशा ठेवला.

मावशीनं दुसऱ्याच दिवशी ओळखलं. फोनवर हसून हसून तिला ठसका लागला. "अगं, तुझा जेलर घालतो ती शीळ तर तुझ्या बाबांची! पुढच्या वेळी मला कर की कुणाची तरी राणी. कारस्थानी असली तरी चालेल, फक्त बारीक दाखव."

म्हणून मला वाटलं, बाबांना राग आलाय तो या सवयींचा. रस्ताभर मी उत्तरं जुळवत गेले. बाबा, सवयी तुमच्या असल्या तरी माणूस वेगळा आहे. बाबा, कुणाला कळणार आहे?

दुकानात टेबल रिकामं होतं. मधोमध फक्त माझं पुस्तक, आणि खूण म्हणून त्यात घातलेली मापाची टेप. आई आमच्याकडं पाठ करून अस्तर लावत होती. मशिन चालू होती.

"शिळेचं मला काही वाटलं नाही," बाबा म्हणाले. "चष्म्याचंही नाही. बापाच्या अंगावरचं लेकीनं नेलं तर काय बिघडतं? पण हे." त्यांनी टेपचं पान उघडलं.

सगळ्यांना आवडलेला प्रसंग तोच होता. भर दुपारी जेलर तिसऱ्या बराकीच्या दाराशी येतो. आतून कुणीतरी दार वाजवतं. "साहेब, मी आहे. मी," म्हणतं. नाव सांगत नाही, कारण त्याला वाटतं आपला आवाज ओळखतील. जेलर दारावर तळवा ठेवतो आणि लाकूड मधून कडेला सपाट करत राहतो. आतला आवाज थांबेपर्यंत. मग घरी जेवायला जातो.

"हे कुठल्या कागदात आहे?" बाबांनी विचारलं.

"कागदात नाही, बाबा. हे मी रचलंय."

"नक्की?"

"नक्की. त्या दिवशी तो तुरुंगात तरी होता की नाही, हेसुद्धा माहीत नाही कुणाला."

बाबांचा तळवा पुस्तकावर फिरायला लागला. मधून कडेला. मग त्यांनी विचारलं, "तू तेव्हा जागी होतीस?"

"केव्हा?"

"सहा वर्षांची होतीस. ताप होता तुला. तुझी आई दुकानात होती आणि मी तुला औषध द्यायला घरी आलो होतो. तेव्हा बांबू आला."

मशिन थांबली.

बांबूकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. उंच, किडकिडीत, म्हणून सगळ्या घराचा बांबू. दारू प्यायचा. मी सहा वर्षांची असताना एका संध्याकाळी तो बसडेपोच्या बाकावर मेलेला सापडला. त्याच्या आदल्या आठवड्यात आईनं त्याला सुनावलं होतं, "भावजी, पुन्हा पिऊन या घराची पायरी चढू नका." त्यानंतर तो आला नाही आणि तिकडं एकटाच मेला, असंच आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यावरून आईला कुणी कधी ब्र शब्दानं बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. बांबूकाकाचा विषय निघाला की ती आपोआप उठून आत जायची.

"गेला त्याच दुपारी दार वाजवलं त्यानं," बाबा म्हणाले. "म्हणाला, दादा, मी आहे. मी."

शब्द तेच होते, फक्त साहेबच्या जागी दादा.

"मी दाराशी गेलो. कडीला हात लावला नाही. दारावर हात ठेवून उभा राहिलो, तो जाईपर्यंत. मागं वळून पाहिलं तर तू डोळे मिटून पडलेली. मला वाटलं, झोपलीय."

"बाबा, मला आठवत नाही," मी म्हणाले. "शपथ घेऊन सांगते. मला फक्त औषध कडू होतं एवढं आठवतंय."

आजही आठवत नाही. कितीदा डोळे मिटून पडून पाहिलं. तो प्रसंग मी एका सकाळी एका बैठकीत लिहिला होता, एक शब्द खोडावा लागला नव्हता, आणि त्याचा मला अभिमान होता. आता वाटतं, रचलेल्या गोष्टीत इतकी कमी खोडाखोड कशी असेल?

आईनं खुर्ची वळवली. "म्हणजे भावजी आले होते?"

"हो."

"पायरी चढून वर आले होते?"

"हो."

"पिऊन?"

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. "मला तेव्हा तसं वाटलं. नंतर डॉक्टर म्हणाला, प्यायला नव्हता. छातीत दुखत असणार तेव्हापासूनच."

आईनं त्यांच्याकडं बघितलं. असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता, रडण्याच्या पार पलीकडचा, कुणीतरी फाडकन तोंडात मारावी आणि मारणारा दिसूच नये तसा. "एकतीस वर्षं," ती म्हणाली. "एकतीस वर्षं मी समजत होते, माझ्या बोलण्यानं तो माणूस घराकडं फिरकला नाही. तुम्ही शेजारी बसत होता. या इथं. दोन हातांवर."

"एक दिवस गेला, मग आठवडा गेला. मग सांगायला तोंडच उरलं नाही."

"का उघडलं नाही दार?"

बाबांनी पुस्तक मिटलं. "पोर आजारी होती, असं म्हणता येईल. पण तसं नव्हतं. मला कंटाळा आला होता त्याचा. नुसता कंटाळा."

आईनं दोरा तोडला, अर्धवट लावलेलं अस्तर घडी करून बाजूला ठेवलं, चपला घातल्या आणि भर दुपारी दुकानातून निघून गेली. हातातलं काम टाकून ती उठलेली मी पहिल्यांदाच पाहिली. त्या संध्याकाळी मावशीकडं राहायला गेली.

आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंना. शेवटी बाबाच म्हणाले, "हे काढ त्यातून."

"लोकांना कळणार नाही, बाबा. कुणाला माहीतय..."

"लोकांचं कोण म्हणतंय? त्या जेलरचं म्हणतोय मी. हुकूम काढला, माणसं मारली, ते त्याचं. त्याला जोड्यानं मार, माझं काही म्हणणं नाही. पण दाराशी उभं राहून ऐकत राहणं, हे माझं आहे. माझ्या मापाचा कोट त्याच्या अंगात कशाला घालतेस? मेलेला माणूस थोडाच येऊन सांगणार आहे, बाई, हा माझा नाही म्हणून."

व्यासपीठावर मी हजारदा सांगितलं होतं, दोन कागदांच्या मधली रिकामी जागा कादंबरीकारानं भरायची असते. काय भरतोय, कुणाचं भरतोय, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. शिंप्यानं विचारलं.

दुसऱ्या आवृत्तीची तयारी चालूच होती. मी प्रकाशकांना म्हणाले, ती चार पानं काढायची. ते उडालेच. "डोकं ठिकाणावर आहे ना? त्या चार पानांवर पुस्तक चाललंय! तुरुंग दाखवायला नेतो ना, तो माणूससुद्धा हल्ली लोकांना ते दार दाखवतो."

"कुठलं दार?"

"तिसऱ्या बराकीचं."

तिसरी बराक पन्नास वर्षांपूर्वीच पाडलीय. ते मी स्वतः कागदांत वाचलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिकीट काढून मी तुरुंगात गेले. वाटाड्या वीसेक माणसांना घेऊन एका कोठाराच्या दारासमोर उभा होता. "इथं हात ठेवला त्यानं," तो सांगत होता, "आणि आत माणसं हाका मारत होती." एक बाई पुढं झाली, लाकडावर तळवा ठेवला आणि तिला रडू कोसळलं. मागच्यांनी रांग लावली.

सगळे पांगल्यावर मी त्याला गाठलं. "हे खरं नाही. हे मी रचलंय."

"मॅडम, सगळं पुस्तकात दिलंय."

"ते पुस्तक माझंच आहे."

"मग तर तुम्हाला माहीतच असणार," तो मोठ्या आदरानं म्हणाला आणि पुढच्या गटाकडं वळला.

बराच वाद घालून पानं मी काढली. त्या जागी दोन ओळी छापल्या: जेलर दाराशी आला होता याला कसलाही पुरावा नाही, पहिल्या आवृत्तीतला तो प्रसंग चुकून त्याच्या नावावर गेला होता. वाचकांची पत्रं आली. काहींनी लिहिलं, दबावाला बळी पडलात. एकानं तर विचारलं, जेलरच्या घराण्यानं किती दिले? वाटाड्या अजूनही ते दार दाखवतो, असं ऐकते.

आई सहा आठवड्यांनी परत आली. घरी नाही, आधी दुकानात. सकाळी नऊला येऊन आपल्या मशिनीवर बसली आणि म्हणाली, "राहिलेलं अस्तर कुठंय?" बाबांनी काढून दिलं. त्या दिवशी मी मुद्दाम तिथंच थांबले. दोन तास फक्त मशिनींचा आवाज. मग मान वर न करता तिनं विचारलं, "किती वेळ उभे होते भावजी बाहेर?"

"पाच मिनिटं असतील," बाबा म्हणाले. "मग जिन्यात बसला थोडा. ते मी ऐकलं."

आईनं अस्तराची कड मुडपली. मग म्हणाली, "मीसुद्धा कदाचित उघडलं नसतं. पण ते मला कधी कळणारच नाही आता."

बाबांनी चष्मा काढला आणि पुसायला शर्टाचं टोक धरलं. मग ते सोडलं, खिशातून रुमाल काढला. माझ्याकडं बघितलं नाही. मीच नजर खाली वळवली.

आई आता पुन्हा घरी राहते. कामाचं बोलते, औषधाचं बोलते, भाजी काय आणायची ते विचारते. बाबांना हाक मात्र ती मारेनाशी झालीय, ‘अहो’सुद्धा म्हणत नाही. बोलायचं असलं की नुसती समोर जाऊन उभी राहते, ते वर बघेपर्यंत.