चौथा कोपरा

शवपेटीवरच्या झेंड्याची टाचणी निघता निघेना, तेव्हा थोरलीने वाकून ती दातांनी ओढली. चर्चच्या पायऱ्यांवर पक्षाची माणसं खोळंबली होती.

"ताई, झेंडा राहू द्या," वॉर्डाचा अध्यक्ष हलक्या आवाजात म्हणाला. "बारक्या आमच्यासाठी गेला. देवाला काय झेंडा खुपतो?"

"आत फक्त पांढरं कापड. पाळकसाहेबांनी दोघांनाही हेच सांगितलंय."

'दोघांनाही' म्हटल्यावर पायऱ्यांवरची कुजबुज थांबली.

पुलावर दोन पक्षांच्या मिरवणुका समोरासमोर आल्या, रेटारेटीत कठडा तुटला, आणि तिचा धाकटा भाऊ आणि चौकात चष्म्यांचं दुकान असलेल्या चष्मेवाल्याचा मुलगा एकमेकांची गचांडी धरूनच खाली गेले. कुणी कुणाला ढकललं, हे ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवून टाकलं होतं. दोघांचा बाप्तिस्मा एकाच रविवारी झालेला. पण मंडळीतली बहुतेक घरं बारक्याच्या पक्षाची, आणि चष्मेवाला दुसऱ्या पक्षाचा. गेल्या निवडणुकीपासून चर्चमधल्या बाकांच्याही दोन बाजू झाल्या होत्या. एका बाजूचं 'आमेन' पुरतं विरल्यावरच दुसरी बाजू तोंड उघडायची.

थोरली इस्पितळात हाडांच्या वॉर्डात नर्स होती. भावाचा चेहरा तिने स्वतः पुसला होता, कुठल्याही पेशंटचा पुसावा तसा. रडू आलं नव्हतं. आताही येत नव्हतं. तिने झेंड्याची घडी करून आईच्या हातात दिली.

"त्याला आवडायचा गं," आई एवढंच म्हणाली.

उपासना झाली. पक्षाच्या तरण्या पोरांनी पेटी अलगद उचलून चर्चमागच्या दफनभूमीत नेली. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. थोरलीनेही टाकली आणि हात साडीला पुसले.

परतताना फाटकाशी दुसरी गाडी उभी दिसली. चष्मेवाला, त्याचा मेहुणा आणि गाडीचा ड्रायव्हर पेटी खाली उतरवायला बघत होते. पोलिसांच्या धाकाने त्यांच्या पक्षाची पोरं कुठे कुठे पांगली होती. पाळकसाहेब दारात काठीवर भार देऊन उभे. मंडळीतली माणसं आपापल्या चपला न्याहाळत बाजूने निघून चालली होती. पेटीचा एक कोपरा सारखा खाली कलत होता.

थोरली पुढे झाली आणि तिने तो धरला.

"नको बाई," चष्मेवाला तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुझ्या माणसांना चालायचं नाही."

"उचला," ती म्हणाली.

"ताई!" मागून अध्यक्षाने हाक मारली. "ती आपली पेटी नव्हे!"

"माहीत आहे मला."

"मग उद्यापासून आमच्यातलं कुणी तुमच्या दारात उभं राहणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

आपण हे का करतोय, हे तिला नीट सांगता आलं नसतं. पेटी खांद्यावर आली आणि ती चालू लागली.

ती घरी आली तेव्हा आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून होती. बातमी आधीच पोचली होती. झेंडा टेबलावर होता, घडी न मोडलेला. थोरली पाणी प्यायली आणि पेला विसळून, पालथा घालून टेबलाशी बसली.

"अध्यक्ष येऊन गेला," आई म्हणाली. "बरंच बोलला."

"हं."

आईने झेंड्यावरून हात फिरवला.

"त्या पोराला वजन होतं का गं?"

"होतं."

"आपल्या बारक्याएवढं?"

आपली पेटी तिने उचललीच नव्हती. तरी ती म्हणाली, "तेवढंच."

"कुठल्या खांद्यावर घेतलीस?"

"उजव्या."

आईने फळीवरची तेलाची वाटी काढली. तिच्या मागे येऊन पदर बाजूला सारला, अंगठा खांद्यावर ठेवला आणि दाबला. थोरली कळवळून ओरडली. सकाळपासून पहिल्यांदाच तिला काहीतरी दुखलं होतं.

"बस अशीच," आई म्हणाली, आणि चोळत राहिली.