डाव्या चाकावरचा जबडा

मी एक जुना डिस्क ब्रेक आहे, मित्रांनो. इमिल हर्नाकच्या निळ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकावर बसतो. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते, तिला दोन्ही बाजूंनी चावून धरायचं, हा माझा धंदा. तेव्हा माझ्याकडून लाडीगोडीची अपेक्षा करू नका. माझ्या आयुष्यात आग, मार आणि रक्तच फार.

जन्मच बघा. उकळतं लोखंड साच्यात ओतलं, आणि ते थंड होतंय न होतंय तोच साचा फोडून मला बाहेर काढलं. मग अंगात चार भोकं पाडली आणि प्रत्येकात एकेक पिस्टन कोंबला. त्या काळी बहुतेक गाड्यांना साधे ड्रम ब्रेक असत. आम्हाला मुद्दाम मागवावं लागे. इमिलने मागवलं, कारण पेनसिल्व्हेनियातल्या त्याच्या गावाला सपाट रस्ता ठाऊकच नव्हता.

इमिल पोलादाच्या भट्टीवर कामाला होता आणि तसाच तापट होता. एकदा वळणावर कोळशाचा ट्रक उलटून आडवा पडलेला. इमिलने पेडलवर दोन्ही पाय घातले. मी चकतीला असा चावलो की धूर निघाला. ट्रक हातभर राहिला तेव्हा गाडी थांबली. इमिलचं नाक स्टिअरिंगवर आपटून फुटलं. तशाच रक्ताळल्या तोंडाने तो खाली उतरला, माझ्यापाशी वाकला आणि हसला. पुढे कितीतरी दिवस गुत्त्यावर माझंच कौतुक चाललं होतं म्हणे.

इमिल गेला आणि गाडी शेडमध्ये पडली. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते माझ्या अंगात मुरलेलं होतंच, आता ते मला आतून खात सुटलं. पिस्टन जागच्या जागी गंजून बसले. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग एका वसंतात इमिलची पोरं आली. पोरं कसली, दोघांचेही केस पिकलेले. थोरली डोलोरेस, जन्मभर शाळेची बस चालवलेली. धाकटा रुडी, त्याला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचं वेड. गाडी कारखान्यातून आली तशीच व्हायला हवी, खिळान्‌खिळा, हा त्याचा हट्ट. डोलोरेसचं मागणं एकच होतं. बापाने तिच्या हाती ही गाडी कधी दिली नव्हती, तर तयार झाल्यावर चालवणार ती.

रुडीने मला हातोड्याने बदडलं. पिस्टन हलेनात. मग त्याने दाबाची हवा सोडली. डोलोरेस सांगत होती, मध्ये लाकडाचा ठोकळा घाल, पण ऐकेल तर शपथ. पिस्टन गोळीसारखा सुटला आणि त्याची करंगळी चेचून गेला. खरं सांगू, मला बरं वाटलं. पुढे वाळूच्या माऱ्याने माझा गंज सोलला, भोकांना स्टीलचं अस्तर बसवलं, आणि मी पुन्हा चावायला तयार झालो.

भांडण पेटलं ते नळीवरून. ज्याच्या दाबाने मी चावतो ते ब्रेकचं तेल माझ्यापर्यंत आणणारी ती जुनी रबरी नळी. तिच्यावर कारखान्याचा छाप होता. प्रदर्शनातले परीक्षक टॉर्च आणि आरसा घेऊन गाडीखाली असे छाप शोधतात, आणि नसला की गुण कापतात.

"वरून धड दिसते, आतून सडलीय ती," डोलोरेस म्हणाली. "अक्कल गहाण ठेवलीस का?"

"बाबांच्या वेळची आहे."

"बाबा असते तर त्याच नळीने तुला फोडून काढलं असतं."

रुडीने पाना भिरकावला. तो तिच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. तिने त्याची कॉलर धरली आणि त्याला बाकावर दाबून ठेवलं. शेवटी तो नमला आणि नवी नळी बसली.

पण प्रदर्शनाच्या सकाळी डोलोरेस चर्चमध्ये पिरोगी, म्हणजे आमच्याकडच्या उकडलेल्या करंज्या, आणायला गेली, तेव्हा त्याने गुपचूप जुनी नळी परत चढवली. परीक्षण झालं की बदलू, असं पुटपुटत होता. प्रदर्शन टेकडीवरच्या मैदानात होतं. रुडीने गाडी हळूहळू वर नेली, मागून डोलोरेस त्याचा ट्रक घेऊन आली. चढावर ब्रेकला काम ते काय?

कप मिळाला. लोक रुडीची पाठ थोपटत होते. तेवढ्यात डोलोरेसने किल्ली मागितली. नळीचं चारचौघांत सांगायची त्याला लाज वाटली. एवढा एक उतार तर आहे, असं मनाशी म्हणत त्याने किल्ली दिली आणि ट्रक घेऊन मागे निघाला.

उताराच्या मध्यावर डोलोरेसने ब्रेक दाबला आणि नळी फाटली. तेलाची पिचकारी माझ्या तोंडावर उडाली. आमच्या गाडीत चारही चाकांचं तेल एकाच टाकीतून येतं, त्यामुळे एक नळी गेली की सगळेच लुळे. ती पेडल हाणत होती आणि मी नुसता आ वासून बसलो होतो. खाली रस्ता काटकोनात वळतो आणि समोर दगडी भिंत आहे.

गाडीचे लाल दिवे लागताहेत, विझताहेत, पण वेग वाढतोच आहे, हे रुडीने मागून पाहिलं. त्याने ट्रक बाजूने काढून आमच्यापुढे घातला आणि ब्रेक मारला. आम्ही त्याच्यावर आदळलो, सुटलो, पुन्हा आदळलो. काचा उडाल्या, पत्रे फाटले. दोन्ही गाड्या ठिणग्या उडवत घसरत गेल्या, आणि ट्रक भिंतीत घुसला.

डोलोरेस उतरली तेव्हा कपाळाचं रक्त तिच्या डोळ्यात येत होतं. चाकाशी लोंबणारी नळी तिने पाहिली, छापासकट. मग तिने पहारीने ट्रकचं दार उचकटलं. रुडीचा उजवा पाय आत चेपला होता.

"मीच लावली," तो म्हणाला. "सकाळी."

"दिसलं मला."

तिने त्याच्या थोबाडीत खाडकन दिली. मग स्वतःचा शर्ट फाडून त्याची मांडी करकचून बांधली, आणि मदत येईपर्यंत ती गाठ दोन्ही हातांनी धरून बसली.

रुडी वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जीव लावा, माझी ना नाही. पण जीव लावणं म्हणजे जुना छाप चाटत बसणं नव्हे. सडलं आहे त्याला सडलं म्हणा आणि कापून टाका. आणि ज्याच्या हाती किल्ली देता, त्याला खरं सांगा, मग चारचौघांत नाक कापलं गेलं तरी चालेल.

गाडीचे फाटलेले पत्रे दुरुस्त झाले, आणि परवा मला पुन्हा चाकावर चढवलं. बिनछापाची नवी नळी रुडीने जमिनीवर बसून स्वतः लावली. आधी मी चालवून बघतो, असं म्हणाला, मग विजारीच्या रिकाम्या पायाकडे बघून त्याने किल्ली डोलोरेसपुढे धरली. डोलोरेसने ती घेतली. मग तिने पलीकडचं दार उघडलं.

"बस," ती म्हणाली. "तू लावलेली नळी आहे. उतारावर तूही बरोबर पाहिजेस."

तो बसला. टेकडीच्या माथ्यावरून गाडी सुटली, वेग वाढला, भिंत दिसू लागली. रुडीने डोळे मिटले. डोलोरेसने पाय दाबला, आणि मी धरलं.