चारशे वॉट

तुमचं ऐकू येत नाही, असं कोणी नीलकंठरावांना सांगितलं, तर ते सांगणाऱ्याचा कान तपासायचे नाहीत, आपली तार तपासायचे. बिजली बोर्डातनं रिटायर झालेला माणूस, दुसरं काय करणार? देवासला गच्चीवर अँटेना, खालच्या खोलीत हॅम रेडिओ, आणि दर रविवारी सकाळी सात वाजता माळव्यातल्या हौशी रेडिओवाल्यांची हजेरी घ्यायचं काम त्यांच्याकडे. ह्या हजेरीला नेट म्हणतात. धार, धामनोद, नेमावर, जो तो आपापल्या घरून बोलायचा, आणि नीलकंठराव एकेकाला नंबरानं उठवून नंबरानं बसवायचे. पंचवीस वर्षं हे चाललं होतं.

धारचे मल्हारराव त्यांचे सगळ्यांत जुने दोस्त. दोन वर्षांपूर्वी मल्हाररावांची बायको सीताबाई गेली, आणि त्यानंतर महिन्याभरात त्यांची तक्रार सुरू झाली. "नीलकंठराव, कॉलनीत सोलर लागलंय, नुसती खरखर आहे. तुमचं काही समजत नाही. रजा घेतो." चार-सहा रविवार हेच. मग तेवढंही बंद. फोन लावला की पलीकडून फक्त हूं-हूं.

त्यांच्या बायको सुमंगलाबाई म्हणाल्या, "अहो, बस पकडा आणि धारला जाऊन या."

"जाऊन काय करू? प्रॉब्लेम सिग्नलचा आहे. तुला रेडिओतलं कळत नाही."

"रेडिओतलं नाही कळत. बसचं कळतं."

पण नाही. मल्हाररावांशी बोलल्याशिवाय रविवार गोड लागत नव्हता, आणि हे तोंडानं कबूल करण्यापेक्षा शंभर वॉटचे चारशे करणं त्यांना सोपं वाटलं. घरच्या घरी सिग्नलची ताकद वाढवणारं व्हॉल्वचं ॲम्प्लिफायर बांधायचं ठरलं.

इंदूरच्या कबाडखान्यातून काचेचे दोन मोठे जुने व्हॉल्व आले. फ्रिजवाल्याकडून तांब्याची नळी आणून ती घरातल्या वरवंट्यावर गुंडाळून कॉइल केली; वरवंटा महिनाभर स्वयंपाकघरात परत गेला नाही. ट्रान्सफॉर्मरही स्वतः गुंडाळला. वेढे मोजताना चहाची हाक आली की आकडा चुकायचा आणि घरात भांडण व्हायचं. आत दोन हजार व्होल्ट. म्हणून हात घालायचा तो एकच, दुसरा पायजम्याच्या खिशात, हा ह्या कामातला जुना कायदा. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो. नीलकंठरावांनी तो अकरा महिने पाळला. कायदा पाळण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

जुन्या व्हॉल्वना एकदम दाब देऊन चालत नाही. आधी दिवसभर नुसता फिलामेंट, म्हणजे आतली तार, पेटवून ठेवावा लागतो. नीलकंठराव समोर खुर्ची टाकून दिवसभर बसून राहिले, जेवणसुद्धा तिथेच. एवढा धीर त्यांनी घरातल्या एखाद्या माणसासाठी धरला असेल तर शपथ.

शनिवारी दुपारी पहिली चाचणी धामनोदच्या धीरजबरोबर झाली. हायवेवर ट्रकच्या पार्ट्सचं दुकान चालवणारा, नेटवरचा सगळ्यांत तरुण माणूस.

"काका, क्या बात है, माझा स्पीकर फाटतोय. ये तो दुबई तक जाएगा."

"दुबई राहू दे. धारला जाईल का?"

धीरज म्हणाला, "धारला तर पहले भी जात असेल, काका. मल्हारकाका रोज संध्याकाळी माझ्याशी बोलतात. पाच वॉटवर. खरखर-बिरखर काही नाही त्यांच्याकडे."

नीलकंठरावांनी कागद घेतला. धामनोद धारच्या दक्षिणेला, देवास ईशान्येला. म्हणजे मल्हाररावांच्या अँटेनाची कमजोर बाजू आपल्याकडे असणार. स्वतःशी खोटं बोलायलाही डोकं लागतं, आणि डोकं त्यांना भरपूर होतं. बाण काढले, कोन लिहिले आणि कागद घडी करून ठेवून दिला. रात्री जेवण मात्र गेलं नाही.

रविवारी सातला त्यांनी सगळ्यांच्या आधी धारला हाक मारली. उत्तर नाही. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा म्हणाले, "मल्हारराव, वर्षभर खपून हे मशीन तुमच्यासाठी बांधलंय. आता तरी येतंय का?"

"येतंय," मल्हारराव म्हणाले. "फाइव्ह नाइन प्लस, एकदम खणखणीत. पहिल्यापासून येत होतं."

"सीता जायच्या आधीचा रविवार. हॉस्पिटलवाल्यांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं, तुम्हाला ठाऊक होतं. मी तिला रेडिओपाशी खुर्चीत बसवली. इतकी वर्षं तुम्हा सगळ्यांचे आवाज ऐकत चहा केला तिनं. म्हणाली, मला एकदा सगळ्यांना नमस्कार सांगायचाय. मी तुमच्याकडे परवानगी मागितली. काय म्हणालात तुम्ही?"

नीलकंठरावांना खरंच आठवेना.

"म्हणालात, लायसन्स नसलेल्याला माइक देता येत नाही, मल्हारराव, वेळ जातोय, पुढच्याला येऊ द्या. तिनं ते ऐकलं. वर मलाच म्हणाली, राहू द्या, भावजींचं बरोबर आहे. बुधवारी गेली. तुम्ही एक दिवस बसनं येऊन दारात उभे राहिला असता, तर मी हे कधी काढलं नसतं. दोन वर्षं वाट पाहिली. तुम्ही मशीन बांधत बसलात. बस. धार बंद."

नियम तर तसाच आहे, हे नीलकंठरावांच्या मनात सगळ्यांत आधी आलं, आणि तेच आधी आलं ह्याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी शरम वाटली. त्यांनी माइकचं बटण दाबलं. माणूस बोलला नाही तर मीटरचा काटा हलत नाही. तो शून्यावर पडून होता. चूक झाली, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. धामनोद ऐकत होतं, नेमावर ऐकत होतं, आणि धारचा रेडिओसुद्धा इतक्यात बंद झाला नसेल. घसा खाकरला. आणि पंचवीस वर्षांची जीभ आपोआप वळली.

"पुढचं स्टेशन," ते म्हणाले.

काटा सरळ चारशेपर्यंत गेला. सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं असणार. उत्तर कोणीच दिलं नाही.